आप्पा आणि फोनवरची बया

बसल्या जागी, एकट्याने, रोज पाच-सहा भांडणं करणारा माणूस अख्ख्या निपाणीत एकच, आमच्या समोरच्या घरातले आप्पा. त्यांचं भांडण असतं यंत्राशी. उभा जन्म तंबाखूच्या वखारीत गेल्यामुळे आवाज मुळातच चार घरं ओलांडणारा, आणि घरात अजून तारेचा जुना फोन. त्यावर एक ध्वनिमुद्रित बाई कर्ज घ्या, विमा घ्या, प्लॉट घ्या म्हणते. ती कन्नडात सुरू झाली की आप्पा कन्नडात तिची हजेरी घेतात, हिंदीवर आली की तेही हिंदीवर येतात, आणि शेवटचा समाचार मराठीत. "दारात आलेलं मानूस आधी कडी वाजवतंय. ही बया थेट सैपाकघरात! आन् माझं बोलणं संपूस्तवर थांबत बी न्हाय." बया माणूस नाही, हे मी त्यांना समजावून पाहिलं. "मग तर लईच वाईट. मानूस असतं तर लाजलं असतं!" त्यांनी टेलिफोन कचेरीत तीन पानी अर्ज केला, तेव्हा तिथल्या कारकुनाने तक्रारीचा नंबर दिला. आप्पांनी तो फिरवला, तर पलीकडे बाईच, "कन्नडसाठी एक दाबा." आप्पा ओरडले, "तीच रं ती! तिची तक्रार तिच्याकडंच!"

फोन काढून टाका, असं गल्लीतल्या सगळ्यांनी सांगून झालं. पण सदलग्याला त्यांची थोरली बहीण, ऐंशी ओलांडलेल्या आक्का. आई गेल्यावर आप्पांना त्यांनीच वाढवलं. आक्कांना जगातला हा एकच नंबर पाठ. रोज दुपारी त्या "जेवलास न्हवं?" एवढंच विचारायच्या आणि फोन ठेवायच्या.

एकदा मात्र आप्पांनी वैतागून दोन दिवस रिसीव्हर बाजूला काढून ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी, "कशी गप केली बयेला!" असं ते मला कट्ट्यावर सांगत होते, तोच बसने एकट्या आलेल्या आक्का समोर उभ्या. डोळे रडून सुजलेले. फोन लागत नाही म्हणजे भाऊ गेला, असंच त्या धरून चालल्या होत्या. धडधाकट आप्पांना पाहिलं आणि आक्कांनी हातातली पिशवी त्यांच्या पाठीत घातली. "जित्ता हाईस आन् फोन काढून ठिवलास व्हय रं?" मग दोघंही तिथेच बसून रडली.

तेव्हापासून रिसीव्हर जागचा हलला नाही. फोन वाजला की आधी हळू आवाजात "आक्का?" ऐकू यायचं, आणि क्षणभराने गल्ली दणाणायची.

यंदा आक्कांचे कान पार गेले. त्यांचे फोन थांबले. दर रविवारी आप्पाच सदलग्याला जाऊन येतात. परवा दुपारी मी त्यांच्याकडे होतो. फोन वाजला. आप्पा भरल्या ताटावरून उठले, धावतच गेले आणि म्हणाले, "आक्का?" बया विम्याचं सांगत होती. आप्पा भांडले नाहीत. त्यांनी रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला आणि ते पुन्हा ताटावर येऊन बसले.

इतकी वर्षं मी हसत आलो. त्या बयेचा मला खरा राग आला तो त्या दिवशी.