चिरुटावरची साय

सबंध मराठवाड्यात चिरूट ओढणारे पुष्कळ झाले असतील, पण चिरूट कळणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझ्या धाकट्या बहिणीचा सासरा निघाला. आष्टीत त्यांची काळी जमीन होती, दारात दोन बैलजोड्या होत्या, डोक्याला तांबडा पटका असे. पाहणाऱ्याला वाटावं, या माणसाच्या तोंडात फार तर बिडी शोभेल. पण निजामाच्या राज्यात एका बांधाच्या दाव्यापायी त्यांना वर्षानुवर्षं हैदराबादला खेपा घालाव्या लागल्या, आणि तिथं वकीलसाहेबांच्या ओसरीवर त्यांना चिरुटाची दीक्षा मिळाली. बांध गेला, चिरूट आला. या सौद्यात आपलंच फावलं असं ते अखेरपर्यंत मानत. "बांध काय, हरेक गावात हाय," ते म्हणत, "पर असा वकील कुठं घावतो?"

वकीलसाहेबांनी त्यांना एकच मंत्र दिला होता: 'सिगार पिया नहीं जाता, पाला जाता है.' आमच्या व्याह्यांनी तो अक्षरशः पाळला. आमच्याकडच्या उन्हात घरातला चिरूट दोन महिन्यांत कडकडीत वाळतो, म्हणून त्यांनी चिरुटांची पेटी मळ्यातल्या विहिरीच्या कोनाड्यात ठेवली. विहिरीला पायऱ्या होत्या. पाणी चढलं की पेटी वरच्या कोनाड्यात, पाणी उतरलं की खालच्या. दर आठवड्याला ते स्वतः उतरायचे, झाकण उघडून नाक आत घालायचे, डोळे मिटून उभे राहायचे आणि काही न बोलता वर यायचे. "लेकराचा ताप बी कधी असा बघितला न्हाई यांनी," असं त्यांची बायको जिवंत असताना म्हणायची, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. चिरूट पुरता पिकला म्हणजे त्याच्यावर बारीक पांढरट थर धरतो. त्याला ते साय म्हणत. "दूध तापल्याबिगर साय न्हाई, अन् चिरूट थंड राह्यल्याबिगर साय न्हाई," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पुढं पुढं मला चहावरची सायही काढून टाकवेना.

आणि मग ओढण्याचा सोहळा. काडीपेटी वर्ज्य, कारण गंधकाचा वास चिरुटाला बाटवतो. बाभळीचा निखारा हवा, आणि तो चुलीतून निवडून चिमट्यात धरून आणण्याचा मान फक्त त्यांच्या बायकोचा. ती गेल्यावर ते स्वतः चुलीपुढं बसून निखारा निवडत, पण दुसऱ्या कुणाला चिमट्याला हात लावू देत नसत. पेटवण्याआधी चिरूट कानाशी धरून बोटांत हलके फिरवायचा. चांगला चिरूट गप्प राहतो, वाळका कुरकुरतो. एकदा पेटला की तिसरा हिस्सा संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. त्या वेळात ओट्यावर बसलेली माणसं आपापल्या आयुष्याचा विचार करत बसत, आणि गावातले दोन-तीन तंटे तिथं नुसत्या त्या शांततेनं मिटले असं सांगतात.

पण गावानं त्यांना मानलं ते या थाटामुळं नव्हे. चिरुटाच्या बाबतीत हा माणूस खोटं बोलूच शकत नसे, यामुळं मानलं. एकदा तहसीलदारसाहेब मुक्कामाला आले. व्याह्यांच्या बंदुकीच्या लायसनचा अर्ज तेव्हा त्यांच्याच टेबलावर पडून होता. साहेबांनी मोठ्या प्रेमानं आपल्या डब्यातला चिरूट पुढं केला. व्याह्यांनी एक झुरका घेतला, चिरूट खाली ठेवला आणि अदबीनं म्हणाले, "साहेब, हे पळसाचं पान हाय. पर पळसाच्या पानावर जेवता तरी येतंय." लायसन काही आलं नाही. त्या साली रानडुकरांनी त्यांचा सगळा भुईमूग खाल्ला, पण शब्द मागं घ्यावा असं त्यांना वाटलं नाही. आमच्या वडिलांनाही त्यांनी सोडलं नाही. लग्नात मानपान म्हणून वडिलांनी जालन्याचा अख्खा बाजार पालथा घालून एक भारी चिरूट आणला होता. भर मांडवात तो कानाशी फिरवून ते म्हणाले, "व्याहीबुवा, तुमचा जीव लाखाचा, पर हे वाळलेलं वांगं हाय." वडील हसले. बहीण मात्र मुंडावळ्यांच्या आत रडवेली झाली, आणि सासऱ्यांची धास्ती तिच्या मनात बसली ती तिथंच. त्या घरात सासू नव्हती, चार समजुतीच्या गोष्टी सांगायला दुसरं बाईमाणूस नव्हतं. 'मामंजींना माझं काही आवडतं की नाही, कळत नाही,' असं तिनं निरोपात दोनदा कळवलं होतं.

त्याच साली आखाजीच्या सणाला तिला माहेरी न्यायला मी मुराळी म्हणून निघालो. परतूरच्या स्टेशनावर व्याही स्वतः गाडी जुंपून आले होते. वाटेत फार खुशीत होते. पोलीस ॲक्शननंतर वकीलसाहेब मुलाकडं कराचीला निघून गेले, आणि जाताना त्यांनी एक शेवटची पेटी पाठवली होती. ती तेव्हापासून विहिरीत पिकत होती, अजून फोडलेली नव्हती.

"पाव्हणं, आज पेटी खोलून राह्यलो," ते म्हणाले. "इहिरीचा गाळ काढायचा म्हून काल वर आणल्ती, घरातच हाय. तुमच्या भनीनं घर पुन्हा घरावानी केलं. मंग आता कशाची वाट बघायची?"

गाडी दारात थांबताच हे तिला सांगायला मी घाईघाईनं आत शिरलो, तर ती माडीवरून हाक मारत होती. मी वर गेलो. वाळवणाचे दिवस होते. चादरीवर लालभडक मिरच्या पसरलेल्या, आणि त्यांच्या मधोमध, ओळीनं, वकीलसाहेबांचे चिरूट.

"दादा, मामंजींच्या पेटीत बघितलं तर समद्यावर पांढरी बुरशी चढल्ती," ती म्हणाली. घामानं डबडबलेली होती, पण चेहऱ्यावर नुसता आनंद. "एक एक फडक्यानं पुसला अन् सकाळपासून उन्हात टाकला. बराबर केलं ना?"

मी मागं वळलो तर व्याही जिन्याच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते चादरीपाशी बसले, एक चिरूट उचलला, कानाशी नेला, बोटांत फिरवला. पापड मोडावा तसा आवाज मला चार हातांवर ऐकू आला. बहिणीनं पदर सावरला, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरू लागला.

"कोणी टाकले?" त्यांनी विचारलं.

"मीच, मामंजी."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "मंग इस्तू आन, पोरी."

तिनं चिमट्यात निखारा आणला. त्यांनी स्वतःच चिरूट पुढं नेला. तो गवताच्या काडीसारखा भपकन पेटला आणि मिरचीचा खकाणा उठला. मी ठसकलो, खाली गोठ्यात बैल फुरफुरले, शेजारच्या माडीवरची बाई आपलं वाळवण सोडून पळाली. व्याही ताठ बसले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक लाल झालं होतं, पण त्यांनी तो चिरूट शेवटपर्यंत ओढला. मग थोटूक खाली ठेवून, मांडवात वापरला होता त्याच आवाजात निवाडा दिला, "बिलकुल बराबर. ऊनच लागत व्हतं याला. वकीलसाहेबाला बी सुचलं न्हाई."

बहीण हसली, त्या घरात मी तिला प्रथमच मोकळं हसताना पाहिलं. आणि मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं.

एवढ्यावर भागलं असतं तर ती एका दिवसाची माया झाली असती. पण त्यानंतर दर उन्हाळ्यात ते आपले चिरूट स्वतः होऊन सुनेकडं देत, "मिरच्यांत टाक गं," म्हणत, आणि निखारा तिच्याच हातचा घेत. बदलून आलेल्या नव्या साहेबांनाही त्यांनी ही रीत गंभीरपणे समजावून सांगितली, आणि ते बिचारे दोन दिवस खोकले. विहिरीतला कोनाडा मात्र रिकामा राहिला. तिथून एक जरी पिकलेला चिरूट वर आला असता, तर उन्हातल्या चिरुटाचं पितळ उघडं पडलं असतं. एवढा मोठा जाणकार, पण मग जन्मभर त्यानं चांगला चिरूट ओढला नाही.

ते गेले त्यानंतरच्या आखाजीला मी पुन्हा आष्टीला गेलो. बहीण माडीवर मिरच्या उलथत होती. बोलता बोलता ती म्हणाली, "दादा, ती बुरशी नव्हती, साय होती. मला त्याच पावसाळ्यात कळलं. यांनीच सांगितलं."

"मग मामंजींना का बोलली नाहीस?"

"कसं बोलू?" ती म्हणाली. "बंदुकीपायी खोटं बोलले न्हाईत, आपल्या बाबांपायी बोलले न्हाईत. जन्मात एकदाच खोटं बोलल्ते, ते माझ्यापायी. ते मी कसं उघडं पाडू?"

तिनं डोळ्यांना पदर लावला आणि मिरच्यांमुळं झालं असं काही म्हणाली नाही. मी चिरूट ओढत नाही. पण उन्हाळ्यात कुठं मिरचीचा खकाणा उठला की ठसका लागण्याआधी मला तो माणूस आठवतो, आणि बहीण चांगल्या घरी पडली याचं मनाला फार बरं वाटतं.