पोर्टावरचा रंग

मुलगा गणपतीला येऊन इथूनच काम करणार, म्हणून त्याच्या खोलीतला इंटरनेटचा बंद पोर्ट दुरुस्त करायला लांज्याचा माणूस बोलावला. भिंतीतल्या पोर्टात टेस्टर लावून, मला तिथे उभं करून तो हॉलमधल्या राउटरपासून ओरडायचा, "काकू, दिवा पेटला काय?"

"नाय!"

शेवटी त्याने पोर्टात बॅटरी मारली आणि पिनांवरचा रंग सुईने खरवडला. दरवर्षी गणपतीआधी घर रंगतं, त्यात रंगारी पोर्टही रंगवून टाकतो.

"यंदाच्या पिवळ्याखाली गेल्या सालचा निळा, त्याखाली हिरवा," तो म्हणाला. मग नवा पोर्ट काढायला पेटी उघडली.

नवा पोर्ट बसवल्यावर दिवा पेटला. रंगाचा अजून एक हात बाकी होता, म्हणून जाताना त्याने पोर्टावर चिकटपट्टी लावली. "मुलगा आला की काढा, काकू."

गणपती गेले. चिकटपट्टी तशीच आहे.