बिनकाट्याचा निवडुंग

घरामागच्या उतारावर मुरूम आणि दगडगोटे, दुसरं काही नाही. तिथे वहिनीने बिनकाट्याचा निवडुंग लावायला घेतला, तेव्हा अख्ख्या गल्लीने तिला वेड्यात काढलं. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. त्यामुळे गाईंचा गोठा, दुधाची गिऱ्हाइकं आणि सासूबाई, सगळा कारभार तिच्या एकटीच्या अंगावर.

"वहिनी, गाईंना सुया चारणार की काय?" शेजारीच गॅरेज चालवणाऱ्या दिराने विचारलं.

"हात फिरवून बघा की, भाऊजी."

त्याने भीत भीत बोट लावलं. पान गुळगुळीत. पण हार मानेल तर तो दीर कसला! "गाईने तोंड लावलं तर खरं."

दोन वर्षं वहिनीने त्या झाडांना कोयता लावला नाही. जाडजूड पानं एकावर एक चढत कमरेएवढी झाली. मग एका कडक उन्हाळ्यात हिरवा चारा संपला आणि तिने पहिली पाटी कापून आणली. गाईंनी हुंगून माना फिरवल्या. फक्त म्हातारी काळी गाय, जातीची खादाड, तिने एक तुकडा चघळला आणि मग घमेलंच चाटून पुसून साफ केलं. तिचं बघून बाकीच्याही तुटून पडल्या. वहिनीला इतका आनंद झाला की तिने पाट्यांवर पाट्या रिकाम्या केल्या.

सकाळी गोठाभर पातळ शेण, पाऊल टाकायची सोय राहिली नव्हती.

"गोठा आहे का डबकं?" सासूबाई नाक धरून दारातूनच ओरडल्या. "उपटून टाक ती झाडं!"

"निवडुंगाची चूक नाही, आई. पानात जवळजवळ सगळं पाणीच असतं. मी नुसतं पाणी चारलं." वहिनीने बादली उचलली आणि गोठा धुवायला घेतला.

त्या दिवसापासून पानं बारीक चिरून, वाळल्या चाऱ्यात कालवून, बेताबेताने. शेण आठवड्यात घट्ट झालं. दूध घटलं नाही, आणि गाई कमी पाणी प्यायला लागल्याने हौदातलं पाणीही संध्याकाळपर्यंत पुरायला लागलं. एके दिवशी सासूबाई स्वतःच विळी घेऊन पानं चिरायला बसल्या.

मग दीर पोतं घेऊन आला. "माझ्या शेळ्यांसाठी थोडं..."

"चारायला नाही, लावायला देते."

त्याने लगेच खड्डा खणून ताजं पान ओल्या मातीत खुपसलं.

"अहो, थांबा! कुजेल ते. कापलेली बाजू आधी सावलीत सुकू द्या, खपली धरली की मग लावा."

"आणि चारायचं कधी?"

"दोन वर्षांनी."

"तोवर शेळ्यांना काय सांगू?"

"सांगा, वहिनीकडे जेवायला बोलावलंय," ती हसत म्हणाली आणि तिने दुसऱ्या पानावर कोयता चालवला.