छतभर पापड घालून निवडलेली वीज

मुलांनो, काल फोनवर तुम्ही विचारलेत, "आजी, मेलबर्नच्या नव्या घरासाठी इतक्या वीज कंपन्यांतून एक निवडायची आहे, कुणाची घ्यावी?" मला कंपन्यांतले काही कळत नाही. पण ज्यांना हा प्रश्न ऐकून दिवाळी झाल्यासारखे वाटले असते, त्यांची हकीगत आजच लिहून ठेवते.

माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांइतका, आमच्या भाऊजींइतका चोखंदळ माणूस सबंध मराठवाड्यात झाला नाही! लोह्यात त्यांची पिठाची गिरणी. परीक्षा घेतल्याशिवाय घरात काडीही यायची नाही. एकदा नांदेडला पंखा घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी दुकानदाराला पंखा लावायला सांगितला, खाली खुर्ची ओढली आणि चक्क झोपले. तासाभराने डोळे उघडून म्हणाले, "अक्का, हा नको. झोपेत बी घरघर ऐकू येऊन राहिली." मी शरमेने रस्त्याकडे बघत उभी. दुकानदाराने मात्र दुसरा पंखा लावला आणि त्यांना उशी आणून दिली.

अशा माणसावर वीज निवडायची वेळ आली! भर दुपारी लाईट जायची, डब्यांची रांग खोळंबायची आणि बायका डबे उचलून बसस्थानकाजवळच्या डिझेलवर चालणाऱ्या नव्या गिरणीकडे निघायच्या. "असंच चाललं तर दिवाळीपस्तोर गिरणीला कुलूप लागंल," ते बहिणीला म्हणाले. शेवटी छतावर सौर पॅनल बसवायचे ठरले. ही गंमत चुकू नये म्हणून मी आठ दिवस मुक्कामालाच गेले.

विक्रेते येणार म्हटल्यावर भाऊजींनी बहिणीला रोज सकाळी छतभर, अगदी चिंचेची सावली पडते त्या बाजूलाही, ज्वारीचे पापड घालायला लावले.

"अवो, चिंचंच्या सावलीत कोन पापड घालतं? गल्ली हसंल मला!"

"हसू दे. तू घाल."

मग प्रत्येक विक्रेत्याला वर नेऊन ते विचारत, "सांगा, पॅनल कुठं कुठं बसवता?" तो रंगीत कागद उलगडून म्हणे, "छतभर! पापड तेवढे उचला." भाऊजी त्याला चहा पाजून वाटेला लावत.

पाचव्या दिवशी लातूरच्या एका कंपनीची मुलगी आली. तिने चपला जिन्यात काढल्या, पापडांमधून वाट काढत चिंचेच्या बाजूला गेली आणि एक पापड उचलून वाकवला. तो मोडला नाही.

"काका, अकरा वाजले तरी हा ओलाच हाय. इथं पॅनल बसवून उपयोग न्हाई. आन् लाईट गेली की बॅटरीबिगर पॅनल बी बंद पडतात. बॅटरी महाग हाय, पन तुमचं काम तिच्यावाचून व्हायचं न्हाई."

"हे मला आधीच्या चौघांतल्या एकानं बी न्हाई सांगितलं!"

"सांगितलं की माल खपत न्हाई, काका."

भाऊजी दोन दोन पायऱ्या उतरत ओरडले, "अक्का, सापडली! पोहे टाका, वीज सापडली!"

"आता तरी सावलीतले पापड उचलू का?" बहिणीने विचारले.

पुढचे तीन उन्हाळे लाईट गेली की भाऊजी गिरणीच्या दारात येऊन उभे राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत, "ऐका, चालू हाय!" मग ते देवाघरी गेले. बहीण आता बाजारात हाताला लागेल ते पहिले कलिंगड उचलते आणि घरी येते. गिरणी तीच चालवते. दुपारी लाईट जाते, दळण चालू राहते.