स्वयंपाकघरातला बाईंचा तास

आमच्या घरमालकाच्या सासूला मी बाई म्हणायचे, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. त्या मूळच्या मेक्सिकोच्या. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या त्या घरात खालच्या मजल्यावर त्या लेकीजावयाकडे राहत आणि वरच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने. हे विद्यापीठात डॉक्टरेट करायला आले होते. मागाहून मी बोटीने आले. माझं शिक्षण मराठी चौथी. पाचवीसाठी ओढा ओलांडून पलीकडच्या गावी जावं लागायचं, ते राहूनच गेलं.

पहिला हिवाळा मी जवळजवळ न बोलता काढला. दुकानात बोट दाखवायचं, जिन्यात कोणी भेटलं की भिंतीला चिकटून उभं राहायचं. पाव खाऊन ह्यांचं तोंड आंबलं होतं, म्हणून एका खेड्यातल्या गिरणीतून हे मक्याचं पीठ घेऊन आले. तिकडे मका गुरांना घालतात. डुकरं किती आहेत, असं गिरणीवाल्याने विचारलं. ह्यांनी सांगितलं, दोन.

त्या पिठाची भाकरी थापत होते तेव्हा दार वाजलं. दारात ठेंगणीशी म्हातारी, पांढऱ्या केसांच्या दोन वेण्या मागे गाठ मारून बांधलेल्या, रंग आपल्यापैकीच वाटावा असा. वास घेत ती सरळ शेगडीपाशी आली. तव्यावरच्या भाकरीचा तुकडा मोडून उभ्याउभ्या खाल्ला आणि डोळे मिटले. मग परातीतला गोळा उचलून तिने दोन तळहातांत टाळ्या वाजवल्यासारखा थापला. तिची भाकरी पातळ न् बशीएवढी झाली, माझी जाड न् रुंद. तिने दोन्ही शेजारी ठेवल्या आणि हसली. त्या दिवशी आम्ही एक शब्दही बोललो नाही.

बाईंची लेक विद्यापीठात भाषांतराचं काम करायची, जावई विजेच्या मोठ्या कारखान्यात. सकाळी सगळे सायकली काढून गेले की घरात आम्ही दोघीच. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बाई माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायला लागल्या आणि तास सुरू झाला.

त्यांची रीत एकच होती. मी उभं राहायचं आणि सकाळपासून स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिलं त्यातलं एक वाक्य जर्मनमध्ये सांगायचं. सुरुवात ठरलेली, इष हाबे गेझेन, मी पाहिलं. लोक म्हणतात असं चालायचं नाही. नवरा म्हणतो हे तर मुळीच नाही. पहिल्या दिवशी मी म्हटलं, मी बर्फ पाहिला. बाईंनी मान हलवली, बर्फ काय, सगळ्यांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं की समोरच्या घरातली बाई फुटपाथवरच्या बर्फावर चुलीतली राख टाकत होती, आणि शेजारणीच्या दारासमोर आली तशी थांबली. बाईंनी टेबलावर बोटाने दोनदा टकटक केलं. बरोबर असलं की त्या तसं करायच्या. शाळा सुटल्यापासून माझं काही बरोबर आलं असं कोणी म्हटलं नव्हतं.

भाजी चिरता चिरता त्या आपल्याबद्दल सांगायच्या. त्यांची जर्मनही माझ्यापेक्षा फार बरी नव्हती, म्हणून मला कळायची. वडील खोगिरं शिवायचे. देशात मोठी उलथापालथ होऊन गेली होती आणि सरकार डोंगरातल्या गावांना मास्तर पाठवत होतं. मुलींना पाठवत नव्हतं. ह्या पुन्हा पुन्हा कचेरीत जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना जे गाव कोणाला नको होतं ते दिलं. तिथे खेचरावरून जावं लागे. पळून गेलेल्या जमीनदाराच्या धान्याच्या कोठारात शाळा भरली. मुलगे आले, मुली आल्या नाहीत. आया म्हणत, सकाळभर मका वाटायचा असतो. मग बाई पाटावरवंट्यापाशी जाऊन बसल्या. वाटणाऱ्या बायकांच्या समोर राखेत अक्षरं काढायच्या आणि प्रत्येकीला विचारायच्या, आज काय पाहिलंस. गावातल्या पुरुषांनी चिडून शाळेतली बाकं जाळली.

मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत. त्या म्हणाल्या, काही नाही, बाकांवर पुरुषच बसायचे, बायका खालीच बसतात.

त्या बायकांची वाक्यं गोळा करून त्यांनी बायकांसाठी पहिलं वाचनाचं पुस्तक केलं. मग आणखी पुस्तकं लिहिली. त्या भागातल्या शाळा तपासायला नेमलेली पहिली बाई त्याच. तिकडे एका शाळेला त्यांचं नाव आहे, हे मात्र त्यांनी नाही, लेकीने सांगितलं. जिन्यात उभी राहून, हातात धुण्याची टोपली घेऊन. वडिलांनी घर आणि शाळा यातलं एक निवड म्हटलं, तेव्हा आईने मला खेचरावर पुढ्यात बसवलं आणि शाळा निवडली, असं ती म्हणाली. मग म्हणाली, "ती सगळ्या गावांची होती. मला रविवारी मिळायची." ती वाईट नव्हती. आईचे पाय ती स्वतः धुवायची.

तिसऱ्या वर्षी बाई मधूनमधून चुकायला लागल्या. एकदा दुपारी टोपी घालून, शाल गुंडाळून माझ्या दारात आल्या आणि खेचर आणलं का विचारलं. मी त्यांना बसवून दूध गरम करून दिलं. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिल्या. एकदा त्यांनी गॅस सोडला आणि काडी पेटवायचीच राहिली. वास आला म्हणून मी खाली धावले, खिडक्या उघडल्या. बाकी दिवस त्या नेहमीसारख्या. माझ्या वाक्यातली खोट त्यांना बरोबर सापडायची.

मग शाळेचं झालं. आमच्या मागच्या गल्लीत प्राथमिक शाळा होती, माझ्या खिडकीतून तिचं अंगण दिसे. थंडी कडक होती. एका लहान मुलीला शिक्षा म्हणून बाहेर भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं, अंगात कोट नाही. बाई माझ्याकडेच बसल्या होत्या. त्यांनी पाहिलं आणि सपातांवरच उठून गेल्या. मी खिडकीतून बघत राहिले. त्यांनी अंगणात जाऊन आपली शाल मुलीला घातली, तिचा हात धरून तिला वर्गात नेलं आणि दार लावून घेतलं. पुढे काय झालं ते मला दिसलं नाही. हेडमास्तरांनी जावयाला कारखान्यात फोन केला. एक वेडी म्हातारी वर्गात शिरून परक्या भाषेत शिकवायला लागली, असं सांगितलं.

त्यानंतर घरात आल्टर्सहाइम हा शब्द आला. म्हणजे म्हाताऱ्यांना ठेवतात ते घर. न्युरेम्बर्गच्या पलीकडे होतं, नन्स चालवायच्या. बाईंनी मला सांगितलं की त्यांना आपल्या देशात परत जायचं आहे. तिथे एक जुनी विद्यार्थिनी आता स्वतः शिक्षिका होती, ती सांभाळायला तयार होती. पण डॉक्टरने बाईंचं डोकं ठीक आहे असं म्हटल्याशिवाय लेक बोटीवर बसवणार नव्हती. दिवसभर बाईंना पाहणारं माणूस मी एकटीच. बाई म्हणाल्या, रविवारी डॉक्टर येतील, तू सांग. मी विचारलं, काय सांगू. त्यांना नवल वाटलं. म्हणाल्या, आजवर काय शिकलीस?

तीन दिवस मी कामं करता करता वाक्यं जुळवत होते. ह्यांना सांगितलं तेव्हा हे वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणाले की आपण परके, त्यात भाडेकरू, त्यांच्या घरातल्या गोष्टीत पडू नये. प्रबंध संपेपर्यंत दुसरी खोली शोधणं ह्यांना परवडणारं नव्हतं, हे मलाही कळत होतं.

रविवारी खाली कॉफी आणि आलुबुखारचा केक मांडला होता. डॉक्टर म्हातारे, शांत होते. बाई काळा चांगला पोशाख करून खिडकीपाशी बसल्या होत्या, छातीवर चांदीची पिन. जावयाने हात चोळत, आल्झो, म्हणजे तर मग, असं म्हणून सुरुवात केली आणि शाळेची हकिगत सांगितली. मग डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही दिवसभर ह्या बाईंबरोबर असता, तुम्हाला काय वाटतं?

मी ह्यांच्याकडे पाहिलं. आमच्यात असंच असतं, चार माणसांत बाईमाणसाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नवरा देतो, आणि मला ते सोयीचंच होतं. हे हसून म्हणाले की माझ्या पत्नीला भाषा येत नाही, आणि आमचं मत असं काही नाही, बाई थोर आहेत. डॉक्टरांनी मान डोलवली आणि जावयाकडे वळले.

तेव्हा बाई म्हणाल्या, "मी तिला विचारते आहे. आज काय पाहिलंस?"

मी उभी राहिले. त्या खोलीत कोणी उभं राहून बोलत नाही, हे मला उठल्यावर कळलं, पण बसून मला बोलताच आलं नसतं. मी म्हटलं, "मी पाहिलं, अंगणात एक मुलगी कोटाशिवाय उभी होती. मी पाहिलं, बाईंनी तिला शाल दिली आणि आत नेलं."

बाईंनी खुर्चीच्या हातावर बोटाने दोनदा टकटक केलं. लेक आईकडे पाहायला लागली. शालीचं तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. ती आईला म्हणाली, मग तू का नाही सांगितलंस? बाई म्हणाल्या, मला कोणी विचारलं नाही.

डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. त्यांनी हळू, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "आणखी काही पाहिलंत? दुसऱ्या एखाद्या दिवशी?"

मी बाईंकडे पाहिलं. त्यांना गॅसचं आठवत होतं की नाही मला माहीत नाही. खेचराचं नसावं. त्या माझ्याकडे तासाला बघायच्या तशाच बघत होत्या, उत्तर येणारच अशा. मी गप्प बसले असते तर डॉक्टर थांबले असते की नाही, तेही मला माहीत नाही. मला त्यांच्या समोर उभं राहून दुसरं काही येत नव्हतं. मी सांगितलं की मी गॅस पाहिला, उघडा. मी खिडक्या उघडल्या.

मग बाईंनी बोट उचललं आणि दोनदा टकटक केलं.

डॉक्टर उठले, माझा हात हातात घेऊन ह्यांना म्हणाले, "तुमच्या पत्नीची जर्मन किती छान झालीय." जावई म्हणाला, गेनाऊ, अगदी बरोबर, आमच्या घरात राहून झाली. सगळे हसले, हेही हसले. मग केक कापला.

जिना चढताना हे म्हणाले, "आज फार बोललीस." रागाने नव्हे. माझ्या हातून काही फुटलं असतं तर म्हणाले असते तसं.

दुसऱ्या दिवशी लेक वर आली. तिने सांगितलं की आल्टर्सहाइममधली खोली आधीच घेऊन ठेवली होती, रविवारी काहीही झालं असतं तरी. माझ्या मनाला लागू नये म्हणून तिने ते सांगितलं. मला अधिकच लागलं. म्हणजे बाईंनी नि मी मिळून दिलेली ती परीक्षा परीक्षाच नव्हती. बाईंना हे कोणी सांगितलं नाही. मीही नाही. त्यांना वाटत राहिलं की निकाल माझ्या वाक्यांवर लागला आणि वाक्यं बरोबर होती.

त्या आल्टर्सहाइमला गेल्या त्या दिवशी मी पाटीभर भाकऱ्या केल्या, त्यांच्यासारख्या पातळ. एका फडक्यात बांधून दिल्या. गाडीत बसताना त्यांनी गाठोडं मांडीवर घेतलं, खेचरावर लेकीला घेतलं असेल तसं, दोन्ही हातांनी धरून.

आम्ही जमेल तेव्हा आगगाडीने भेटायला जायचो. नंतर नंतर मी एकटी जायला लागले. गाडी बदलायला शिकले, तिकीट मागायला शिकले. बाईंची जर्मन मात्र आटत गेली. आधी कठीण शब्द गेले, मग सोपे. शेवटी त्या फक्त आपल्या भाषेत बोलायच्या. नन्स त्यांना चांगलं ठेवायच्या, पण लहान मुलाला म्हणतात तसं हो हो म्हणायच्या. त्या काय मागत होत्या, देशी परत जायची बोट मागत होत्या की पाणी, मला कळायचं नाही. मी पाणी द्यायचे.

ह्यांचा प्रबंध झाला आणि आमचं परत जायचं ठरलं. जाण्याआधी मी एकदा गेले. बाई खाटेवर टेकून बसल्या होत्या, वेण्या कोणीतरी कापून टाकल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. माझ्याकडे पाहून त्यांनी त्यांच्या भाषेत एक प्रश्न विचारला. पुन्हा विचारला. शेजारच्या खाटेवरची बाई कंटाळून भिंतीकडे वळली.

मी खाटेपाशी उभी राहिले आणि मराठीत सांगितलं, आज येताना गाडीत मी एक माणूस पाहिला, त्याच्या मांडीवर पिंजरा होता, पिंजऱ्यात काही नव्हतं, आणि तरी तो प्रत्येक स्टेशनावर त्याच्यावरचं फडकं नीट करत होता.

बाईंनी ऐकून घेतलं. पांघरुणावर त्यांचा हात होता. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले, भेटीची वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत. हात हलला नाही. मग नन आली आणि तिने माझा कोट आणून दिला.