यात कुणाचा हात आहे

कारखान्याच्या स्टोअरमध्ये अठ्ठावीस वर्षं खिळे-स्क्रू मोजून देणाऱ्या या गृहस्थांना लोक कुलूपकाका म्हणत, आणि उगाच नाही. सही घेतल्याशिवाय त्यांनी कुणाला साधा वॉशर दिला नाही. निवृत्त झाले, बायको गेली, पण संशय काही निवृत्त झाला नाही.

त्यात लॅपटॉपने दगा दिला. दिवा लागायचा, पंखा घुरघुरायचा, पण पडद्यावर नुसता काळोख. मुलाने उघडला की सुरळीत, सुनेने उघडला की सुरळीत, काका बसले की काळोख. झालं. "यात हिचाच हात आहे," त्यांनी सुनेच्या देखत मुलाला सांगून टाकलं.

सून चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, पुढच्या महिन्यात आम्ही वेगळं राहायला जातोय. तिला ही रोजची झडती नको झालीय."

पण हट्ट बघा, गृहस्थ लॅपटॉप काखोटीला मारून पुरावा मिळवायला निघाले.

दुरुस्तीवाल्या बाईंनी लॅपटॉप उघडला. पडदा लख्ख. "आता तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. काका बसले, डावा हात नेहमीसारखा लॅपटॉपच्या कोपऱ्यावर दाबून. काळोख.

"हात असा का दाबून ठेवलाय?"

"कुणी ओढून नेऊ नये म्हणून."

"इथे कोण नेणार?"

"तुम्ही," काका म्हणाले.

बाई मनापासून हसल्या. "मनगटात काय आहे?"

"चुंबकाचं कडं. सांधे दुखतात म्हणून सुनेने आणलंय."

बाईंनी त्यांचा हात उचलून बाजूला केला. पडदा उजळला. "झाकणात चुंबक असतो. तो या कोपऱ्याजवळ आला की लॅपटॉपला वाटतं, झाकण मिटलं. तुमच्या कड्याने लॅपटॉप फसतोय."

म्हणजे शेवटी सुनेचंच कडं! काकांना घटकाभर बरं वाटलं, खोटं कशाला बोला. मग आठवलं, बरणीचं झाकण त्यांच्याच्याने उघडेना तेव्हा ती तीन दुकानं पालथी घालून हे कडं घेऊन आली होती. आणि त्यांनी काय विचारलं होतं? "यात तुझा काय फायदा?" त्यांना स्वतःची लाज वाटली.

घरी सून कपड्यांच्या घड्या बॅगेत भरत होती. काकांनी कडं काढून तिच्यापुढे धरलं.

"लॅपटॉपवर बसताना हे काढायचं म्हणे. यानेच पडदा जात होता. तुझा हात नव्हता त्यात. माझाच होता."

सुनेने कडं घेतलं. "सही कुठे करू?"

"नको," काका म्हणाले, आणि ती ते कुठे ठेवते हे न बघता बाहेर गेले.

संध्याकाळी ते खुर्चीत मनगट चोळत बसले होते. सून येऊन समोर उभी राहिली.

"बाबा, हात पुढे करा," ती म्हणाली.