धावडेला मारलेली हाक

माइक हातात आला की ते आधी त्यावर दोनदा टिचकी मारत, आणि "हॅलो, हॅलो" न म्हणता समोरच्या संघाची आडनावं वाचत. वाचता वाचता मध्येच थांबून माझ्याकडे बघत आणि भुवई उडवत. म्हणजे समजायचं, आज काहीतरी सापडलंय.

आमच्या कसब्यातल्या कबड्डी स्पर्धांचे ते निवेदक. सगळे त्यांना काका म्हणत. मी शेजारच्या खुर्चीवर बसून गुण लिहायचो. एरवी त्यांचं टी-शर्टवर नावं आणि नंबर छापायचं छोटंसं दुकान होतं. पाठीवर आडनावं चिकटवता चिकटवताच हा नाद लागला असावा. कोपऱ्यात कोपरकर, मध्ये भिंताडे, साखळी धरायला साखळकर, असा संघ आला की काकांचा सण. "देव आधी आडनाव देतो, मग जागा," हे ते ठणकावून सांगत.

एकदा झोपे नावाच्या मुलाने एकाच चढाईत तिघांना बाद केलं. आता काका काय बोलणार, म्हणून मी हसलो. त्यांनी शांतपणे जाहीर केलं, "झोपे यांनी समोरच्यांना झोपवलं आहे." प्रमुख पाहुण्यांनाही सुटका नव्हती. "अहो, आपण भाषण एका दमात संपवावं. खेळाडूंनाही तोच नियम आहे." पाहुणे हसायचे आणि पुढच्या वर्षी यायचे नाहीत.

तुम्ही कधी मैदानाच्या कडेला उभे राहिला असाल, तर पाहिलं असेल. आपलं नाव पुकारलं गेलं की खेळाडूची मान जराशी ताठ होते. काकांची सगळी बडबड त्यासाठी होती. हरलेल्या संघातल्या, कुणी ढुंकून न पाहिलेल्या पोरांचीही नावं ते घ्यायचे.

आणि मग रेवती आली. रेवती धावडे, आमच्याच पेठेतली. चढाईला गेली की पाच जणी नुसत्या बघत राहायच्या. काकांना तर आयुष्यभराचा पुरावा मिळाला. "धावडे आहे ती, थांबेल कशी?" तिच्या टी-शर्टवरचं नाव ते स्वतः छापत, एरवीपेक्षा मोठ्या अक्षरात. नंबर बिचारा खाली कुठेतरी अंग चोरून बसायचा.

त्या अंतिम सामन्यात तिचा गुडघा दुखावला. पट्टी बांधून तिला बाहेर बसवलं होतं. शेवटची काही मिनिटं उरली, संघ मागे पडला, लोक उभे राहून तिच्या नावाने ओरडायला लागले. काकांना भान राहिलं नाही. माइक तोंडाशी नेऊन ते गरजले, "धावडे, नावाला जाग!"

ती उठली आणि आत गेली. मध्यरेषेकडे परत फिरताना पाय जागीच रुतला आणि बाकीची ती वळली. ती किंकाळी मला आजही नको वाटते. ऑपरेशन झालं. ती चालू लागली, पण पुन्हा चढाईला गेली नाही.

काकांनी त्यानंतर माइकला हात लावला नाही. विचारणाऱ्याला सांगत, "घसा गेलाय." दुकानातही कोणी आलं की म्हणत, "नुसता नंबर टाकू या ना? नाव कशाला?" गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल. रेवतीला व्यायामासाठी दवाखान्यात न्यायला मात्र त्यांची स्कूटर तिच्या दारात हजर. "माझा त्या बाजूला फेरा असतोच," हे धडधडीत खोटं. तिला खराडीत नोकरी लागली तेव्हा आख्ख्या गल्लीत पेढे यांनी वाटले.

एकदा चहा पिताना मला म्हणाले, "मी हाक मारली म्हणून ती आली रे. पोरीचा पाय मी घालवला."

"काका, एकदा तिलाच विचारा ना."

"विचारलं तर ती नाहीच म्हणणार. मला बरं वाटावं म्हणून. आणि ते खोटं मला ऐकवणार नाही. तूही विचारायचं नाहीस."

मी नाही विचारलं. त्यांच्यासमोर माझं काही चालतच नसे.

गेल्या महिन्यात काका गेले. झोपेतच गेले. त्यांच्या घरच्यांना भेटून मी खाली उतरलो, तर रेवती तळमजल्यावरच्या त्यांच्या दुकानाच्या बंद शटरपाशी उभी होती. खूप रडलेली दिसत होती.

"दादा, काकांच्या घशाला नक्की काय झालं होतं हो? मला कधी नीट सांगितलंच नाही."

आता लपवायचं कुणासाठी? मी सगळं सांगितलं. ती हाक, तो माइक, तिच्या पायाचं ते ओझं.



"कुठली हाक?"

मी ती पुन्हा सांगितली, शब्द न् शब्द.

"अहो, आमच्या बाजूचा कर्णा सकाळपासून बंद होता. त्या गोंगाटात मला शेजारी बसलेल्या आमच्या प्रशिक्षक बाईंचंही ऐकू येत नव्हतं. त्या हात धरून मला खाली बसवत होत्या, मीच झटकून आत गेले. मला जिंकायचं होतं, दादा."

ती शटरला टेकून खाली पायरीवर बसली. दुखरा पाय तिने सवयीने लांब केला.

"एकदा विचारायचं ना मला," ती म्हणाली. "एकदा तरी."